खग्रास ग्रहणासाठी केलेला परदेशप्रवास आणि आपली शालेय सहल

वरच्या प्राथमिक वर्गांच्या भूगोलात ग्रहण हा घटक असतो. शाळाभेटीच्या वेळी मी मुलांना त्यावर प्रश्न विचारतो आणि बहुतेक ठिकाणी उत्तर बरोबर येते. सूर्य व पृथ्वी ह्यांच्यामध्ये चंद्र आला म्हणजे सूर्यग्रहण होते, हे वाक्य मुले एका सुरात म्हणतात. परंतु "ग्रहणाच्या वेळी झाडाखालच्या कवडशांचा आकार कसा होतो?" असे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. व्याख्या पाठ झालेली असते. वस्तू पाहिलेली नसते.

सहलीचेही काहीसे असेच झाले आहे. मुले गाडीत बसतात, स्थळ पाहतात, डबा खातात आणि परत येतात. दुसऱ्या दिवशी निबंध लिहावयास सांगितला तर त्यात गाडी आणि डबा ह्यांचेच वर्णन अधिक असते. दोष मुलांचा नाही. तेथे जाऊन काय करावयाचे, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते.

ग्रहण आणि सहल ह्या दोन विषयांचा सांधा जुळविणारे एक उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. १८९८ साली दूरदेशींच्या मंडळींचे जथे केवळ दोन मिनिटांचे ग्रहण पाहण्यासाठी समुद्र ओलांडून कोकणात, देशावर आणि वऱ्हाडात येऊन राहिले. त्यांनी हा प्रवास कसा योजिला, कोणी कोणते काम केले आणि आपल्या गावच्या शाळेस त्यातून काय घेता येईल, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

१. ग्रहणासाठी प्रवास का करावा लागतो?

प्रथम हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. सूर्य तर सर्वांचाच आहे. मग ग्रहण पाहण्यासाठी परदेशी कशाला जावयाचे?

चंद्राची गडद छाया पृथ्वीवर पडते तेव्हा तिचा पट्टा फार अरुंद असतो. १८९८ च्या ग्रहणात हिंदुस्थानावरून गेलेल्या पट्ट्याची रुंदी शंभर किलोमीटरांहूनही कमी होती. ह्या पट्ट्यात जो उभा असेल त्यालाच सूर्य संपूर्ण झाकलेला दिसतो. पट्ट्याबाहेरच्यास खंडग्रास ग्रहणावर समाधान मानावे लागते. एकाच ठिकाणी पुन्हा खग्रास ग्रहण दिसावयास सरासरीने पावणेचारशे वर्षांच्या आसपास काळ जातो. म्हणजे घरी बसून वाट पाहणाऱ्याच्या दहा-पंधरा पिढ्या त्यात निघून जातील. ज्याला पाहावयाचे आहे त्याने छायेच्या वाटेवर जाऊन उभे राहिले पाहिजे, हाच त्यावर उपाय.

ही वाट आधी कळते, हे ह्या विद्येचे वैशिष्ट्य होय. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने ग्रहणाचे कारण छाया हेच सांगितले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' रचून ग्रहणाचे गणित सुलभ केले. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे कोकणातील मुरूडचे. ते आपल्यासारखेच शिक्षक होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या ह्या गृहस्थांचा ग्रंथ १८९६ साली बाहेर आला. ही परंपरा आपल्या पेशाची आहे, हे आपण विसरू नये.

२. १८९८ सालचे पाहुणे

२२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची छाया अरबी समुद्रावरून कोकणच्या किनाऱ्यास लागली आणि सह्याद्री ओलांडून देशावरून, वऱ्हाड-नागपूरवरून ईशान्येकडे निघून गेली. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. ह्या वाटेवर ठिकठिकाणी छावण्या पडल्या.

विजयदुर्गास इंग्लंडहून सर नॉर्मन लॉकियर आपल्या सहकाऱ्यांसह आले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर हे रेल्वेचे स्थानक आहे. तेथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ ह्याही मोहिमेत होत्या. जपानमधील एक तुकडी तेथेच आली. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपल्या सहायकांसह जेऊरला गेले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा ते चालवीत असत. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे आणखी एक इंग्रज तुकडी होती. नागपूरजवळ घोगली येथे स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलँड होते.

नकाशावर विजयदुर्ग, जेऊर, पुलगाव आणि नागपूर हे बिंदू मुलांकडून जोडवून घ्यावेत. नैऋत्येकडून ईशान्येकडे जाणारी एक तिरपी रेघ आपोआप उमटते. चंद्राच्या छायेची वाट म्हणजे काय, हे मुलांना तासभर सांगण्यापेक्षा ह्या एका रेघेने लवकर समजेल.

काळ कठीण होता, हेही सांगावे. १८९६ पासून मुंबईत आणि १८९७ पासून पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला होता. अशा दिवसांत यंत्रांच्या पेट्या बोटीतून उतरवून, रेल्वेने व पुढे मिळेल त्या वाहनाने मुक्कामी नेणे सोपे नव्हते.

३. तळणीची मंडळी

वर सांगितलेले बहुतेक पाहुणे हे पेशाने ज्योतिर्विद होते. आपल्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त उदाहरण मात्र निराळेच आहे. मध्य रेल्वेवर धामणगाव व पुलगाव ह्यांच्या मध्ये तळणी नावाचे छोटे स्थानक लागते. तेथे ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ह्या संस्थेच्या सभासदांनी छावणी टाकली होती. ही संस्था १८९० साली स्थापन झाली. हौसेने आकाश पाहणाऱ्यांसाठी ती होती आणि आरंभापासून स्त्रियांनाही तिचे दार मोकळे होते. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घ्यावयास १९१६ साल उजाडले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मोकळ्या दाराचे महत्त्व कळते.

ह्याच संस्थेच्या मंडळींनी १८९६ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाला, वादसो येथे, ग्रहणासाठी प्रवास केला होता. ग्रहणाच्या वेळी आकाश ढगांनी झाकले गेले आणि सारा खटाटोप वाया गेला. तरी दीड वर्षाने त्यांतील काही जण पुन्हा निघाले, ते थेट वऱ्हाडात आले. ह्या वेळी आकाश निरभ्र मिळाले.

तळणीच्या तुकडीत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर होत्या. अ‍ॅनी ह्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या होत्या. ग्रीनिच वेधशाळेत काही वर्षे त्यांनी गणनेचे काम केले आणि १८९५ साली विवाह झाल्यावर त्यांस ती नोकरी सोडावी लागली. शिकण्याची ओढ मात्र सुटली नाही. लहान भिंगाचा एक कॅमेरा त्यांनी बरोबर आणला होता. सूर्य पूर्ण झाकला गेला म्हणजे त्याच्याभोवती मोत्यासारखे पांढरे तेजोवलय दिसते. त्याला प्रभामंडल म्हणतात. अ‍ॅनीबाईंनी तळणीस घेतलेल्या छायाचित्रात ह्या प्रभामंडलाचा एक किरण सूर्यबिंबापासून फार दूरवर गेलेला उमटला. इतका लांब किरण तोपर्यंत छायाचित्रावर आलेला नव्हता. मोठी वेधशाळा पाठीशी नसताना, लहान भिंग व नेमकी तयारी ह्यांच्या बळावर हे काम झाले.

त्याच तुकडीत जॉन एव्हरशेड होते. ते त्या वेळी वेधशाळेचे नोकर नव्हते. हौशी अभ्यासक होते. सूर्य झाकला जाण्याच्या क्षणी त्याच्या कडेवरील एक पातळ थर काही सेकंदच उघडा पडतो. त्या थराच्या प्रकाशाचा वर्णपट त्यांनी तळणीस टिपला. पुढे १९०७ साली ते कोडईकनालच्या सूर्यवेधशाळेत आले, तिचे संचालक झाले आणि सूर्यावरील डागांतील वायूंच्या गतीविषयी त्यांनी १९०९ साली लावलेला शोध त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वऱ्हाडातील एका लहानशा स्थानकावर सुटीतील अभ्यास म्हणून केलेले काम पुढे आयुष्याचे काम झाले.

मंडळी परत गेल्यावर स्वस्थ बसली नाहीत. प्रवासाचा व निरीक्षणांचा वृत्तान्त त्यांनी १८९९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. जाण्यापूर्वी तयारी, तेथे काम आणि आल्यावर लेखन अशा तीन पायऱ्या त्यांच्या सहलीला होत्या. आपल्या सहलींत बहुधा मधली पायरी अर्धीमुर्धी असते आणि पहिली व तिसरी नसतेच.

४. विजयदुर्गावरील सराव

लॉकियर ह्यांची अडचण अशी होती की कामे पुष्कळ आणि जाणते हात थोडे. त्या वेळी विजयदुर्गाच्या बंदरात 'मेलपोमेनी' ही ब्रिटिश युद्धनौका होती. तिच्यावरील अधिकारी व खलाशी ह्यांची मदत त्यांनी घेतली. खलाशांना ज्योतिषाचे ज्ञान नव्हते. परंतु त्यांचे निरनिराळे गट पाडण्यात आले, प्रत्येक गटाला एकेक काम नेमून देण्यात आले आणि ग्रहणापूर्वी त्याचा पुनःपुन्हा सराव घेण्यात आला. यंत्रे हाताळणे, प्रभामंडलाचे चित्र काढणे, आकाशात कोणते तारे दिसू लागतात ते पाहणे अशी ही कामे होती.

सरावाची इतकी गरज का, हे मुलांना एका खेळाने पटविता येते. वर्गास सांगावे की दोन मिनिटांत खिडकीबाहेरचे दृश्य पाहा, त्याचे चित्र काढा, आवाज मोजा आणि तापमापकाचा आकडा लिहा. कोणाचेच काम पुरे होत नाही. मग चार गट करून प्रत्येकास एकेकच काम द्यावे. त्याच दोन मिनिटांत चारही कामे होतात. जो कॅमेऱ्याची काच बदलत बसला त्याला आकाशाकडे पाहावयास फुरसत मिळाली नसेल. पण त्याच्या कामामुळे ते दृश्य सर्वांना कायमचे मिळाले. गटात काम करावयाचे म्हणजे आपल्या वाट्याचा थोडा आनंद सर्वांच्या पदरात टाकावयाचा, हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा येथे अधिक नीट शिकता येतो.

ह्या उदाहरणावरून निघणारे मुख्य तत्त्व असे: प्रवासाने शिक्षण होते ते अंतरामुळे नव्हे, तर प्रत्येकाच्या हाती असलेल्या नेमक्या कामामुळे. काम हाती नसेल तर विलायतेची सफरही केवळ फेरफटका होय. काम हाती असेल तर गावाबाहेरचे माळरानसुद्धा परदेशाइतके नवे दिसते.

५. एक ऐकीव गोष्ट आणि तिची पडताळणी

विजयदुर्गाच्या सहलीस जाणाऱ्या शिक्षकांनी येथे विशेष सावध राहावे. किल्ल्यावर निरीक्षणासाठी बांधलेले चौथरे आहेत. लोक त्यांस 'साहेबाचे ओटे' म्हणतात. त्यांच्यासंबंधी अशी गोष्ट सांगितली जाते की, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर ह्यांनी येथूनच हेलियम वायूचा शोध लावला. ही गोष्ट छापीलही आढळते. ती खरी आहे काय?

मुलांकडून सनावळी मांडून घ्यावी. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होते. जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, त्यांनी इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातील एका पिवळ्या रेषेचा पाठपुरावा केला. ही रेषा पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम हे नाव मिळाले. १८९५ साली रॅमसे ह्यांनी हा वायू एका खनिजातून प्रत्यक्ष मिळविला. लॉकियर विजयदुर्गास आले ते त्यानंतर तीन वर्षांनी, १८९८ साली. अर्थात हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे म्हणता येत नाही.

ह्यामुळे विजयदुर्गाचा मान कमी होत नाही. तेथे जे घडले तेच पुरेसे मोठे आहे. परंतु शिक्षकाच्या तोंडून गेलेले वाक्य चाळीस मुलांच्या वहीत उतरते आणि तेथून चाळीस घरांत जाते. म्हणून तारखा ताडून पाहिल्याशिवाय गौरवाची गोष्टही सांगू नये. आपल्या गावाचा अभिमान आणि सत्य ह्यांत निवड करावयाची वेळ आली तर मुलांदेखत सत्याची बाजू घ्यावी. त्यांच्या मनावर त्याचा संस्कार दीर्घकाळ टिकतो.

६. भीती आणि काळजी ह्यांतील भेद

१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटकातील कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेला. ठाणे जिल्ह्यात ते मोठे खंडग्रास ग्रहण होते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. घरोघर दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आम्हा मुलांना बाहेर डोकावू दिले नाही. भर दुपारी रस्ता निर्मनुष्य झाल्याचे मला आठवते. ग्रहणाचे काहीच आठवत नाही, कारण ते मी पाहिलेच नाही.

वडीलधाऱ्यांना आज नावे ठेवण्याचे कारण नाही. सूर्याकडे पाहिल्याने डोळे जातात ही त्यांची भीती खरी होती. सुरक्षित रीतीने कसे पाहावे, हे त्यांस कोणी दाखविले नव्हते. ते दाखविणे हे शिक्षकाचे काम आहे. ग्रहणातून काही विषारी बाहेर पडत नाही; अन्न, पाणी किंवा गर्भवती स्त्री ह्यांवर ग्रहणाचा परिणाम होत नाही, हे शांतपणे सांगावे. कोणाच्या घरी वेध पाळत असतील तर त्यांची थट्टा करू नये आणि त्यांच्या मुलावर सक्तीही करू नये. पालकांना आधी शाळेत बोलावून प्रयोग दाखवावा. आईने एकदा कागदावर सूर्यबिंब पाहिले की मुलाला परवानगी मिळावयास वेळ लागत नाही.

डोळ्यांविषयीचे नियम मात्र कडक आहेत. त्यांत सूट नाही.

(अ) खंडग्रास ग्रहण एक क्षणही उघड्या डोळ्यांनी पाहू नये. डोळ्याच्या आतील पडदा भाजतो तेव्हा वेदना होत नाहीत. म्हणून मुलाला ते कळतही नाही.

(आ) काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म, साधा काळा चष्मा आणि पाण्यातील प्रतिबिंब ह्यांपैकी काहीही सुरक्षित नाही. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहणे तर अत्यंत घातक होय.

(इ) खात्रीच्या संस्थेकडून घेतलेले, आंतरराष्ट्रीय मानकाचे ग्रहणचष्मेच वापरावेत. चरा किंवा भोक पडलेला चष्मा फेकून द्यावा.

(ई) लहान मुलांसाठी सर्वांत उत्तम म्हणजे सूर्याकडे पाठ करून त्याची प्रतिमा कागदावर पाहणे.

७. आपल्या शाळेसाठी योजना

२ ऑगस्ट २०२७ हा सोमवार आहे आणि त्या दिवशी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची आवस आहे. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा स्पेनच्या दक्षिण टोकावरून, उत्तर आफ्रिकेतून, इजिप्तमधील लक्सर जवळून आणि सौदी अरेबियातील जेद्दा व मक्का ह्या शहरांवरून जातो. लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल. १८९८ च्या दोन मिनिटांशी ताडून पाहिले म्हणजे जगभरचे लोक तेथे का जाणार आहेत, हे ध्यानात येते. आपल्याकडे भिवंडी परिसरात त्याच दिवशी दुपार उलटल्यावर खंडग्रास ग्रहण दिसण्याजोगे आहे. नेमकी वेळ राष्ट्रीय पंचांगावरून किंवा मुंबईच्या नेहरू तारांगणाकडून आधी घेऊन फळ्यावर लिहावी.

साधने. त्यांसाठी खर्च लागत नाही. आपल्या तालुक्यात यंत्रमागाच्या कारखान्यांतून कापड गुंडाळण्याच्या पुठ्ठ्याच्या लांब नळ्या मिळतात आणि गोदामांतून रिकामी खोकी. दीड मीटर लांबीची नळी घ्यावी. एका टोकाला जाड कागद लावून त्यास मध्यभागी बारीक भोक पाडावे. दुसऱ्या टोकाला पातळ पांढरा कागद ताणून चिकटवावा. भोकाची बाजू सूर्याकडे करून, सूर्याकडे पाठ फिरवून उभे राहावे आणि कागदावरील प्रतिमा पाहावी. ती सुमारे १४ मिलिमीटर व्यासाची येते.

सर्व वर्गाला एकदम दाखवावयाचे असल्यास हातभर आरशावर कागद लावून त्याला नखाएवढे भोक ठेवावे आणि उन्हाची तिरीप अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडावी. दहा मीटर अंतरावर सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाचे सूर्यबिंब दिसते. आरसा शिक्षकाने स्वतःच्या हाती ठेवावा. मुलांनी भिंतीकडे पाहावयाचे, आरशाकडे नाही.

गणित. प्रतिमेच्या व्यासाला नळीच्या लांबीने भागावे आणि पृथ्वी-सूर्य अंतराने, म्हणजे १५ कोटी किलोमीटरने गुणावे. १४ भागिले १५००, गुणिले १५ कोटी. उत्तर १४ लाख किलोमीटर. पाचवी-सहावीचे मूल पुठ्ठ्याच्या नळीने सूर्याचा व्यास काढू शकते. हा प्रयोग ग्रहणाची वाट न पाहता कोणत्याही उन्हाच्या दिवशी करावा. दिवाळीनंतरचे दिवस त्यास सोयीचे.

कामाची वाटणी. द्विशिक्षकी शाळेतही पाच गट सहज होतात. पहिला गट दर दहा मिनिटांनी प्रतिमेभोवती पेन्सिल फिरवून आकृती काढील. दुसरा सावलीत टांगलेल्या तापमापकाचा आकडा लिहील. तिसरा झाडाखालच्या कवडशांचे निरीक्षण करील. पानांच्या फटी हीच बारीक भोके असल्यामुळे एरवी गोल दिसणारे कवडसे ग्रहणात कोरीसारखे होतात. चौथा पक्षी व गुरे ह्यांची हालचाल पाहील. पाचवा घड्याळ धरून वेळ पुकारील. आधी किमान तीन वेळा सराव घ्यावा.

जे दिसेल तेच लिहावे, हा नियम सर्वांना लागू आहे. खंडग्रास ग्रहणात तापमान उतरले नाही, पक्षी घरट्याकडे गेले नाहीत, तर तसेच नोंदवावे. पुस्तकात आहे म्हणून आकडा बदललेला चालणार नाही.

परदेशाशी जोड. आपल्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबांतील माणसे नोकरी-व्यवसायासाठी सौदी अरेबियात व आखातात आहेत. जेद्दा किंवा मक्का येथे कोणा मुलाचे काका-मामा असतील तर त्यांस आधी पत्र लिहावे किंवा दूरध्वनी करावा. तेथे सूर्य किती वाजता पूर्ण झाकला गेला, अंधार कितपत पडला, तारे दिसले काय, हे त्यांनी कळवावे. आपल्या मुलांनी येथील आकृत्या त्यांस पाठवाव्यात. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. ह्यावरून दोन्ही ठिकाणच्या वेळांचा मेळ घालण्याचे उदाहरण सातवीस द्यावे. एकच छाया, दोन देश आणि दोन निराळी दृश्ये, हे मुलांना स्वतःच्या घरच्या माणसाकडून कळेल. त्यांच्याही डोळ्यांची काळजी म्हणून वरील नियम पत्रात अवश्य लिहावेत.

ढग आले तर? ऑगस्टचा आरंभ हा आपल्याकडे भर पावसाळा. आकाश झाकलेले असण्याचाच संभव अधिक आहे. हे मुलांपासून लपवू नये. नॉर्वेला गेलेल्या मंडळींची गोष्ट त्या दिवसासाठी राखून ठेवावी. ढग असतील तर गटांनी उजेडाची, तापमानाची व ढगांची नोंद करावी. वर्गात दिवा, चेंडू व लिंबू घेऊन सूर्य, पृथ्वी व चंद्र ह्यांचा प्रयोग करावा आणि परदेशाहून आलेली वार्ता वाचून दाखवावी. "ढगांमुळे सूर्य दिसला नाही" हे वाक्य तारीख-वेळेसह वहीत येणे, हीसुद्धा प्रामाणिक नोंद होय. लडाख-कारगिल भागातून २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा जाणार आहे, हेही मुलांना सांगावे. आजचा सहावीतला मुलगा तोपर्यंत हातीपायी धड झालेला असेल. त्याला त्या वाटेवर जावेसे वाटले तर आपला पाठ यशस्वी झाला असे समजावे.

८. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या मागील सहलीत प्रत्येक मुलाच्या हाती कोणते काम होते? नसल्यास कोणते देता आले असते?

२. १८६८, १८९५ व १८९८ ह्या तीन सनांच्या आधारे हेलियमची गोष्ट मुलांकडून कशी तपासून घ्याल?

३. आपल्या गावाविषयीची एखादी ऐकीव गोष्ट निवडा. तिची पडताळणी कोणत्या साधनांनी करता येईल?

४. ग्रहण पाळणाऱ्या पालकांशी बोलताना कोणत्या क्रमाने बोलाल? आरंभ प्रयोगाने कराल की उपदेशाने?

५. पुठ्ठ्याच्या नळीने सूर्याचा व्यास काढून आपल्या वर्गाचे उत्तर व त्यातील फरकाची कारणे पुढील परिषदेत मांडा.

शिक्षकबंधू-भगिनींनी ह्यांपैकी पाचवा प्रश्न प्रथम हाती घ्यावा. नळी, कागद आणि ऊन एवढेच त्यास लागते.